यादीत नावापुढे ‘एल’: आयर्लंडमध्ये भारतीय पासपोर्टवर मत कसं द्यायचं

आयर्लंडमध्ये नोकरीला किंवा शिकायला आलेल्या, खिशात भारतीय पासपोर्टच असलेल्या माणसाला तिथल्या स्थानिक निवडणुकीत मत आहे. आयरिश नागरिकत्व लागत नाही, अमुक इतकी वर्षं राहिल्याची अट नाही, कायमच्या वास्तव्याचा परवानाही लागत नाही. क्रिटिकल स्किल्स परमिटवरचा इंजिनिअर, हॉस्पिटलातली नर्स, स्टॅम्प टू म्हणजे विद्यार्थी परवान्यावरचा मास्टर्सचा विद्यार्थी, आश्रयाचा अर्ज करून निकालाची वाट बघणारा, सगळ्यांना एकच मापदंड: वय १८ पूर्ण आणि नेहमीचा राहता पत्ता त्या कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या पालिकेच्या हद्दीत. २०२२ च्या जनगणनेत आयर्लंडमध्ये ४५ हजारांहून जास्त भारतीय नागरिक नोंदले गेले. गणेशोत्सवाला हॉल मिळेना म्हणून कौन्सिलच्या नावाने बोटं मोडणाऱ्यांपैकी कितीतरी जणांना आपण या कौन्सिलचे मतदार होऊ शकतो हेच ठाऊक नसतं.

मागची निवडणूक ७ जून २०२४ ला झाली. ३१ कौन्सिलं, ९४९ सदस्य, मुदत पाच वर्षं. म्हणजे पुढची २०२९ मध्ये. इतक्या आधी हे कशाला, असं वाटेल. पण मत हातचं जातं ते मतदानाच्या दिवशी क्वचितच. ते जातं यादीत, आणि यादीचं काम वर्षभर चालू असतं. नवं घर घेतलं, लग्न झालं, नाव बदललं, नागरिकत्व मिळालं, की दर वेळी यादी जुनी होते.

हा हक्क आला कुठून हे थोडक्यात. १९६३ च्या निवडणूक कायद्यात स्थानिक मतदार ठरवताना राहण्याचं ठिकाण पाहिलं, नागरिकत्व नाही. १९७४ पासून अशा रहिवाशांना उमेदवार म्हणून उभंही राहता येतं. १९९९ मध्ये राज्यघटनेत कलम २८अ आलं. त्यात लिहिलंय की संसदेला मतदान करू शकणारा प्रत्येक नागरिक ‘आणि कायदा ठरवेल अशा इतर व्यक्ती’ स्थानिक निवडणुकीत मतदान करतील. त्या ‘इतर व्यक्ती’ म्हणजे आपण. याच कलमाने आणखी एक गोष्ट केली. त्याआधी तिथली सरकारं सोयीनुसार स्थानिक निवडणुका पुढे ढकलायची. आता पाचव्या वर्षाच्या आत निवडणूक घ्यावीच लागते. मार्च २०२२ मध्ये मुंबई महापालिकेची मुदत संपली आणि त्यानंतर प्रशासकाची राजवट किती लांबली हे आठवणाऱ्याला या एका वाक्याचं मोल वेगळं सांगायला नको.

यादीत नाव घालताना

‘चेक द रजिस्टर’ ही सरकारी वेबसाइट आहे. नोंदणी, पत्ता बदल, नाव तपासणं, सगळं तिथेच. हाताशी तीन गोष्टी ठेवा: पीपीएस नंबर (सरकारी कामांसाठी प्रत्येकाला मिळणारा वैयक्तिक क्रमांक), जन्मतारीख आणि घराचा एअरकोड. एअरकोड म्हणजे तिथला सात अक्षर-अंकांचा पिनकोड. पहिली तीन अक्षरं विभागाची, उरलेली चार फक्त तुमच्या घराची. आपल्या पिनकोडसारखा तो अख्ख्या पेठेला एक नसतो. अपार्टमेंटमध्ये प्रत्येक फ्लॅटचा वेगळा असतो, आणि पहिली चूक इथेच होते. भाड्याच्या करारावर इमारतीचा किंवा ऑफिसचा एअरकोड घातलेला असतो आणि माणूस तोच उतरवून टाकतो. एअरकोड शोधायच्या वेबसाइटवर स्वतःचा फ्लॅट क्रमांक घालून कोड एकदा पडताळून घ्या.

दुसरी चूक खास आपली: नाव. अर्जातलं नाव आणि जन्मतारीख पीपीएस नंबरच्या नोंदीशी ताडून पाहिली जाते. आपल्याकडे नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, मग आडनाव अशी तीन डब्यांची गाडी. पासपोर्टवर पहिले दोन डबे ‘दिलेलं नाव’ या एकाच रकान्यात जातात. पीपीएस नंबर काढताना कुणी फक्त पहिलं नाव लिहिलेलं असतं. बँकेत तिसरंच असतं. लग्नानंतर पासपोर्टवर नवं आडनाव आणि पीपीएसवर माहेरचं, हा प्रकार तर घरोघरी. मतदार यादीचा अर्ज भरताना पीपीएसच्या पत्रावर जसं नाव छापलंय तसंच लिहा, अक्षरन् अक्षर. पीपीएसवरचं नावच चुकलं असेल तर आधी समाजकल्याण खात्याकडे ते दुरुस्त करून घ्या, मग यादीकडे वळा. उलट क्रमाने गेलात तर दोन ठिकाणी खेटे घालावे लागतील.

पीपीएस नंबरच नसेल, म्हणजे नुकतेच आला असाल किंवा जोडीदाराच्या परवान्यावर असाल आणि अजून काढलेला नसेल, तरी वाट बंद नाही. कागदी अर्ज भरायचा, ओळखपत्रासह गार्डा ठाण्यात न्यायचा, तिथे ओळख पटवून सही-शिक्का घ्यायचा आणि कौन्सिलच्या मतदार नोंदणी विभागात द्यायचा. पोलीस ठाण्याची पायरी चढायची म्हटलं की आपल्या पोटात गोळा येतो. इथे हे पाच मिनिटांचं काउंटरवरचं काम आहे.

अर्जात नागरिकत्वाचा रकाना असतो. तिथे ‘भारतीय’ असंच लिहायचं. ‘रहिवासी आहे म्हणजे आयरिशच की’ अशी मखलाशी करू नका. कोणत्या निवडणुकीत तुम्हाला मतपत्रिका द्यायची हे याच रकान्यावर ठरतं, आणि खोटी माहिती देणं गुन्हा आहे.

यादी आता वर्षभर चालू राहते. पूर्वीसारखी ठरावीक तारखेला गोठत नाही. पण प्रत्येक निवडणुकीआधी एक शेवटचा दिवस असतोच. ७ जून २०२४ च्या मतदानासाठी तो २० मे होता. शेवटच्या आठवड्यात अर्जांचा ढीग पडतो, आणि तुमच्या अर्जात काही खोट निघाली तर दुरुस्तीला वेळच उरत नाही. १६ आणि १७ वर्षांच्या मुलांना आधीच प्रतीक्षा यादीत नाव घालता येतं. १८ पूर्ण झाल्या दिवशी ते आपोआप मुख्य यादीत जातं. कॉलेजात जाणारी मुलं घरात असतील तर हे काम स्वतःच्या अर्जाबरोबरच उरकून टाका.

घर बदललं की नवा पत्ता कळवताना जुना पत्ताही लिहा. तो नाही लिहिला तर जुनी नोंद तशीच राहते आणि नाव दोन ठिकाणी लागतं. नाव दोनदा लागलं म्हणून मत दोनदा देता येत नाही; तसं केलं तर सरळ गुन्हा.

नोंदणी झाली की यादीत तुमच्या नावापुढे एक अक्षर दिसेल. ‘एल’ म्हणजे फक्त स्थानिक निवडणूक. युरोपीय संघातल्या इतर देशांच्या नागरिकांना ‘ई’: स्थानिक आणि युरोपीय संसद. ब्रिटिश नागरिकांना ‘डी’: स्थानिक आणि डॉल, म्हणजे तिथलं कनिष्ठ सभागृह. आयरिश नागरिकापुढे काहीच नसतं. त्यामुळे गंमत अशी होते की म्हापशाचा माणूस पोर्तुगीज पासपोर्टवर डब्लिनला आला असेल तर त्याला ‘ई’, आणि शेजारच्या सावंतवाडीचा माणूस भारतीय पासपोर्टवर आला असेल तर ‘एल’. तेरेखोल नदीच्या अलीकडचा आणि पलीकडचा, एवढाच काय तो फरक.

मतदानाचा दिवस

केंद्र बहुधा शाळेत असतं. २०२४ मध्ये वेळ सकाळी ७ ते रात्री १० होती, म्हणजे शिफ्ट करणाऱ्या नर्सलाही जाता येतं. पोलिंग कार्ड घरी टपालाने येतं. त्यावर केंद्र आणि यादीतला क्रमांक छापलेला असतो. कार्ड आलं नाही किंवा हरवलं तरी यादीत नाव असेल तर मत देता येतं. ओळखपत्र मागू शकतात. भारतीय पासपोर्ट चालतो, वाहन परवाना चालतो, फोटो असलेलं नोकरीचं किंवा कॉलेजचं ओळखपत्र चालतं. आम्ही पासपोर्टच न्यायला सांगतो. त्यावर कुठल्या टेबलावर वाद होत नाही.

बोटाला शाई नाही. मशीन नाही. कागद आणि पेन्सिल. मशीनचा प्रयोग त्यांनीही केला होता: २००२ मध्ये तीन मतदारसंघांत मशीनवर मतदान झालं, मग भरवशाबद्दल शंका निघाल्या, मशीन वर्षानुवर्षं गोदामात पडून राहिली, आणि २०१२ मध्ये सुमारे साडेपाच कोटी युरो खर्च झालेला तो माल सुमारे ७० हजार युरोंना भंगारात गेला. आपल्याकडे ईव्हीएमवर कुठल्याही बाजूने भांडणाऱ्याने हे प्रकरण जरूर वाचावं.

मतपत्रिका देताना अधिकारी तिच्यावर अधिकृत खूण उमटवतो. ती खूण तुमच्या डोळ्यांदेखत उमटली का ते बघा. खूण नसलेली मतपत्रिका मोजणीत बाद होऊ शकते, मग तुम्ही आत कितीही नेटकं लिहिलेलं असो. राहून गेली असेल तर तिथल्या तिथे सांगा, कुणी रागावत नाही. आत मोबाइल काढून फोटो घेऊ नका. लहान मुलांना बरोबर नेता येतं.

टपाली मतदान आहे, पण आजारपण, अपंगत्व, कामानिमित्त किंवा शिक्षणासाठी बाहेर असणं अशा ठरावीक कारणांसाठी. सुट्टीला गावी जाणं हे कारण धरत नाहीत. मे-जूनमध्ये भारताचं तिकीट स्वस्त मिळालं म्हणून काढण्याआधी ज्या वर्षी निवडणूक आहे त्या वर्षी तारीख बघा.

१, २, ३... आणि पुढे

मतपत्रिकेवर उमेदवार आडनावाच्या अकारविल्हे, फोटो, पक्ष आणि व्यवसायासकट असतात. एका प्रभागातून तीनपासून सातपर्यंत सदस्य निवडायचे असतात, पण तुमचं मत एकच. ते पसंतीक्रमाने द्यायचं: सर्वात आवडत्यापुढे १, त्यानंतरच्यापुढे २, असं हवं तिथपर्यंत.

महाराष्ट्रात पदवीधर किंवा शिक्षक मतदारसंघात ज्यांनी मत दिलंय त्यांना हे नवीन नाही. तिथे आयोगाने दिलेल्या जांभळ्या पेनाने आकडे टाकायचे असतात, इथे पेन्सिलने. आणि दुसऱ्या पसंतीला किती वजन असतं हे जून २०२२ च्या राज्यसभा निवडणुकीत महाराष्ट्रातल्या सहाव्या जागेने सगळ्यांना दाखवलं होतं.

तरीही बहुतेक नवे मतदार ‘१’ लिहून कागद घडी करून टाकतात. मत वाया जात नाही, पण अर्धंच वापरलं जातं. का, ते आकड्यांतून बघू.

समजा पाच जागा आहेत आणि वैध मतं १२,०००. कोटा काढायचा: एकूण मतं भागिले जागांपेक्षा एक जास्त, अधिक एक. १२,००० भागिले ६ म्हणजे २,०००, अधिक १, म्हणजे २,००१. हा आकडा गाठला की उमेदवार निवडून आला. आता उमेदवार ‘अ’ला पहिल्याच फेरीत २,४०१ मतं पडली. त्याच्याकडे ४०० जादा आहेत. ही जादा मतं वाया घालवायची नाहीत, पुढच्या पसंतीकडे न्यायची. त्यासाठी त्याच्या सगळ्या २,४०१ मतपत्रिका पुन्हा उघडून दुसऱ्या पसंतीप्रमाणे गठ्ठे करतात. समजा ४०१ कागदांवर फक्त १ लिहिलंय, पुढे काही नाही. ते बाजूला पडले, ‘अ’कडेच राहिले. उरलेल्या २,००० पैकी ‘ब’ला १,०००, ‘क’ला ६००, ‘ड’ला ४०० दुसऱ्या पसंती आहेत. न्यायच्या आहेत ४००, हातात आहेत २,०००. म्हणजे पाचास एक. ‘ब’ला २००, ‘क’ला १२०, ‘ड’ला ८०. प्रत्यक्षात ‘ब’च्या गठ्ठ्यातले वरचे २०० कागद उचलून त्याच्या खोक्यात टाकतात. गठ्ठे आधी नीट मिसळलेले असतात, म्हणून वरचे कुठले हे नशिबावर.

ज्या ४०१ जणांनी नुसतं १ लिहिलं त्यांचा पुढच्या चार जागांत काही हात राहिला नाही. ‘ब’ आणि ‘क’ यांच्यात शेवटच्या जागेसाठी पंचवीस-तीस मतांची चुरस झाली, आणि ती होतेच, तर हे लोक प्रेक्षक.

कुणीच कोटा गाठला नाही तर उलट बाजूने काम चालतं. तळाचा उमेदवार बाद होतो आणि त्याचे सगळे कागद पुढच्या पसंतीकडे जातात. लहान अपक्षाला १ दिलं म्हणून मत बुडालं असं इथे होत नाही. तो बाद झाला की तुमचा कागद उठून दुसऱ्याकडे जातो, मात्र २ लिहिलेलं असलं तरच.

दुसरी पसंती लिहिल्याने पहिल्याचं नुकसान होईल ही भीती लोकांना फार असते, आणि प्रचारक तिला खतपाणीही घालतात. तसं होत नाही. तुमचा १ नंबर निवडून येईपर्यंत किंवा बाद होईपर्यंत २ कडे कुणी बघतसुद्धा नाही. नावडत्याला काय करायचं, हा खरा प्रश्न. पाच नावडत्यांपैकी एक कमी नावडता असेल, तर त्यालाही क्रमांक द्या. सगळेच सारखे असतील तर तिथे थांबा.

कागद कधी बाद होतो? दोघांपुढे १ लिहिलं, कुठेच १ नाही, किंवा स्वतःचं नाव किंवा ओळख पटेल असं काही लिहिलं तर. १, २ आणि मग एकदम ४ लिहिलं तर २ पर्यंत मत धरतात, पुढे नाही. दोघांपुढे ३ लिहिलं तरी तसंच, २ पर्यंत. एकाच नावापुढे फुली किंवा बरोबरची खूण केली आणि हेतू स्पष्ट दिसला तर ती पहिली पसंती म्हणून धरली जाऊ शकते, पण तसं कशाला करायचं? आकडा लिहा.

एक चूक मात्र जाणत्यांच्याही हातून होते. एकाच दिवशी दोन निवडणुका असल्या की लोक पहिल्या कागदावर १, २, ३ लिहून दुसऱ्या कागदावर ४, ५, ६ सुरू करतात. केरी कौंटीतल्या लिस्टोवेल भागात २०१४ मध्ये स्थानिक आणि युरोपीय मतदान एकाच दिवशी होतं, आणि १ नसलेल्या अशा काही मतपत्रिका मोजणीत धरल्या गेल्या. हरलेला उमेदवार कोर्टात गेला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं आणि २०१५ मध्ये न्यायालयाने सांगितलं की ज्या कागदावर १ नाही तो धरायचा नाही. ‘एल’वाल्यांच्या हातात बहुधा एकच कागद पडतो, म्हणून धोका कमी. लिमरिकमध्ये मात्र २०२४ ला नगरसेवकांच्या जोडीला थेट महापौराचीही निवडणूक होती, आणि स्थानिक मतदारांना दोन्ही कागद मिळाले. प्रत्येक कागद १ पासून सुरू करायचा.

मोजणी दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू होते आणि कधीकधी दोन-तीन दिवस चालते. पेट्या उघडून कागद सरळ करत असताना पक्षांचे लोक कठड्याला टेकून, दुरून दिसेल ते १ नंबर वहीत रेघा मारून टिपत असतात. याला तिथे टॅली म्हणतात. अधिकृत निकालाच्या कित्येक तास आधी या वह्यांवरून कुठल्या आळीत कुणाला किती हे कळतं, आणि अंदाज बहुतेक वेळा बरोबर निघतो. कुठल्या वस्तीतून मतदानच झालं नाही तेही याच वह्यांत दिसतं. पुढच्या पाच वर्षांत त्या वस्तीतला खड्डा किती लवकर बुजतो याचा या वह्यांशी संबंध नाही असं आम्ही तरी म्हणणार नाही.

दारावर आलेल्याला काय विचारायचं

आयर्लंडमध्ये उमेदवार स्वतः दारोदार फिरतो. बेल वाजवतो, पत्रक देतो, दोन मिनिटं बोलतो. त्या दोन मिनिटांत योग्य प्रश्न विचारला तर उपयोग, त्यासाठी कौन्सिलच्या हातात काय आहे ते माहीत हवं. वार्षिक अंदाजपत्रक, विकास आराखडा, कुठल्या जमिनीवर घरं आणि कुठल्या जमिनीवर गोदामं, स्थानिक मालमत्ता कराचा दर वरखाली करणं, हे सदस्य मताने ठरवतात. कौन्सिलची घरं, स्थानिक रस्ते, दिवे, उद्यानं, ग्रंथालयं, समाजमंदिरं कौन्सिलकडे. शाळा कौन्सिलकडे नाहीत. त्या बहुतेक चर्चच्या छत्राखाली आहेत. बस नाही. पोलीस नाहीत. व्हिसा तर मुळीच नाही.

त्यामुळे ‘शाळेत प्रवेश मिळत नाही, तुम्ही काय करणार?’ याला दारावर उत्तर म्हणून फक्त मान डोलावली जाईल. ‘आपल्या भागात मंजूर झालेल्या नव्या वसाहतीच्या आराखड्यात शाळेसाठी जागा राखली आहे का, आणि तुम्ही तेव्हा कसं मत दिलंत?’ याला उत्तर द्यावं लागतं. आपल्या भाषेत सांगायचं तर, नगरसेवकाला आमदाराचा प्रश्न विचारू नका. आणि आपण ‘एल’ आहोत, मत आहे, हे बोलण्याच्या ओघात सांगून टाका. पुष्कळ उमेदवारांनाही हे पक्कं माहीत नसतं. ब्राउन चेहरा दिसला की दार सोडून पुढे जाणारेही आहेत.

उभं राहायचं असेल तर पक्षाचं प्रमाणपत्र हवं. ते नसेल तर त्या प्रभागातल्या १५ नोंदणीकृत मतदारांच्या सह्या किंवा १०० युरो अनामत. कोट्याच्या पाव हिश्शापेक्षा जास्त मतं मिळाली की अनामत परत. खांबावरची पोस्टरं मतदानाआधी ३० दिवसांत लावायची आणि नंतर सात दिवसांत उतरवायची. राहिली तर प्रत्येक पोस्टरामागे १५० युरो दंड. नायजेरियातून आश्रय मागायला आलेले रोटिमी अदेबारी २००४ मध्ये असेच पोर्टलीशच्या नगर परिषदेवर निवडून आले आणि २००७ मध्ये तिथले महापौर झाले, आयर्लंडचे पहिले कृष्णवर्णीय महापौर. मालवण तालुक्यातल्या वराडचं आडनाव लावणारे लिओ वराडकर जन्मानेच आयरिश नागरिक, त्यांची गोष्ट वेगळी. पण पंतप्रधानपदापर्यंतचा त्यांचाही रस्ता स्थानिक कौन्सिलमधूनच गेला.

आयर्लंड सोडून दुसरीकडे असाल तर

नेदरलँड्समध्ये पाच वर्षं सलग कायदेशीर वास्तव्य झालं की नगरपालिकेला मत आहे, १९८६ पासून. अर्ज करावा लागत नाही, पालिकेतल्या रहिवासी नोंदीवरून मतदानाचं पत्र आपोआप घरी येतं, आणि मत लाल पेन्सिलने द्यायचं. मधे नोकरीनिमित्त वर्षभर भारतात परतून नोंद काढून टाकली असेल तर पाच वर्षं पुन्हा पहिल्यापासून. स्वीडनमध्ये १९७६ पासून; तीन वर्षं सलग नोंद हवी. तिथे पांढरी मतपत्रिका पालिकेची, निळी प्रदेशाची, पिवळी संसदेची. पहिल्या दोन तुमच्या. न्यूझीलंडमध्ये रेसिडेंट व्हिसा आणि सलग एक वर्ष झालं की संसदेलाही मत आहे.

ब्रिटनचा प्रकार साम्राज्याच्या अडगळीतून आलेला. राष्ट्रकुल देशाचा नागरिक म्हणून भारतीयाला तिथे स्थानिकच काय, संसदेलाही मत देता येतं. पुन्हा तो गोव्याचा विनोद, पण उलटा: स्विंडनमध्ये राहणारा गोंयकार भारतीय पासपोर्टवर असेल तर खासदार निवडू शकतो, पोर्तुगीज पासपोर्टवर असेल तर नाही, त्याला फक्त स्थानिक मत. इंग्लंडमध्ये केंद्रावर फोटो ओळखपत्र सक्तीचं आहे. भारतीय पासपोर्ट चालतो.

जर्मनीत नाही. श्लेसविग-होलश्टाइन राज्याने तसा कायदा केला होता, तो जर्मनीच्या केंद्रीय घटना न्यायालयाने ३१ ऑक्टोबर १९९० ला रद्द केला: सत्ता जनतेकडून येते, आणि जनता म्हणजे जर्मन नागरिक. परदेशी रहिवाशांची सल्लागार मंडळं काही ठिकाणी निवडली जातात, त्यांना मत देता येतं, पण त्यांचा अधिकार नावापुरता.

आणि अमेरिका. इथे हात जोडून सांगतो: आयर्लंडचा अनुभव तिकडे नेऊ नका. मेरिलँडमधल्या टाकोमा पार्कसारख्या मोजक्या गावांत १९९२ पासून स्थानिक मत आहे, सॅन फ्रान्सिस्कोत शालेय मंडळासाठी पालकांना आहे. न्यूयॉर्क शहराने केलेला कायदा मार्च २०२५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवला. बाकी बहुतेक ठिकाणी, एडिसन-जर्सी सिटीसकट, एच-वन किंवा ग्रीन कार्डवाल्याला मत नाही. वाहन परवाना काढताना काउंटरवर मतदार नोंदणीचा प्रश्न विचारतात. घाईत ‘मी अमेरिकी नागरिक आहे’ या चौकटीत खूण केली तर तो खोटा दावा ठरतो आणि त्यावरून पुढे नागरिकत्वच काय, देशात राहणंही अवघड होऊ शकतं. जिथे स्थानिक मत कायदेशीर आहे तिथे दिलं तरीही नागरिकत्वाच्या अर्जात ते सांगावं लागतं. कोणत्या कायद्याखाली दिलं त्याचा कागद जपून ठेवा.

भारताच्या बाजूने काही अडतं का, हा प्रश्न हमखास येतो. दुसऱ्या देशात स्थानिक मत दिल्याने भारतीय नागरिकत्व जात नाही. ते जातं दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतल्यावर. तोपर्यंत पासपोर्टवरच्या पत्त्यावर फॉर्म ६अ भरून तुम्ही परदेशस्थ मतदार राहू शकता, मात्र मत द्यायला मूळ पासपोर्ट घेऊन प्रत्यक्ष गावी जावं लागतं. उलट दिशेने रस्ता नाही. महाराष्ट्रात महापालिका आणि जिल्हा परिषदांसाठी वेगळी यादी बनतच नाही, विधानसभेचीच यादी प्रभागवार फोडतात, आणि तिच्यात नागरिकाखेरीज कुणाला जागा नाही. पुण्यात दहा वर्षं राहणाऱ्या, घरपट्टीचा भार भाड्यातून उचलणाऱ्या नेपाळी माणसाला प्रभागात मत नाही.

शेवटचं, आयरिश नागरिकत्वाचा समारंभ उरकलेल्यांसाठी. शपथ झाली, प्रमाणपत्र आलं, फेसबुकवर फोटो टाकला, ओसीआयच्या (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांना मिळणाऱ्या कार्डाच्या) मागे लागलात. पण मतदार यादीला यातलं काही आपोआप कळत नाही. तुमच्या नावापुढचा ‘एल’ तसाच राहतो आणि संसदेच्या मतदानाला गेलात की टेबलावरून मतपत्रिका मिळत नाही. त्याच वेबसाइटवर जाऊन नागरिकत्व बदला, आणि आठवड्याभराने नाव पुन्हा तपासून ते अक्षर गेलं का ते बघा.